हुतात्मा आणि शहीद : झंडापूरच्या निमित्ताने

दिल्लीच्या मंडी हाउस परिसरात, नाट्यगृहांच्या शेजारून जाणाऱ्या एका रस्त्याला सफदर हाश्मी मार्ग असे नाव आहे. तेथून पूर्वेस यमुना ओलांडून उत्तर प्रदेशाच्या हद्दीत शिरले म्हणजे गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबादची औद्योगिक वसाहत लागते, आणि या वसाहतीने वेढलेले झंडापूर हे गाव. दोन्ही स्थळे एकाच घटनेची स्मृती बाळगून आहेत. तथापि त्यांच्या स्मरणात एक अंतर आहे. मंडी हाउसच्या पाटीवर एकच नाव आहे. झंडापूरला दरवर्षी १ जानेवारीस कामगार व नाट्यकर्मी एकत्र जमतात तेव्हा दोन नावे उच्चारली जातात. पहिले सफदर हाश्मी यांचे, दुसरे राम बहादुर या कामगाराचे. कामगारांच्या लढ्यात प्राण गमावलेल्या माणसांचे स्मरण समाज कसे करतो, त्या स्मरणात काय टिकते व काय गळून पडते, हा प्रश्न या अंतरामुळे आपल्यासमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार झंडापूरच्या उदाहरणाच्या आधारे आणि मराठी परंपरेशी तुलना करून करावयाचा आहे.

१

प्रथम घटनाक्रम पाहू. ‘जन नाट्य मंच’ ही संस्था दिल्लीत १९७३ मध्ये स्थापन झाली. आरंभीच्या काळात ती मोठ्या मंचावरील नाटके कामगार-शेतकऱ्यांच्या सभांतून करीत असे. आणीबाणीनंतर कामगार संघटनांची आर्थिक स्थिती अशी झाली की, मोठ्या नाटकाचा खर्च त्यांना पेलवेना. यातून मार्ग निघाला तो लहान नाटकाचा. नेपथ्य नाही, पडदा नाही, प्रकाशयोजना नाही. चार-सहा नट, भोवती प्रेक्षकांचे कडे आणि कारखान्याच्या फाटकासमोरची मोकळी जागा. पथनाट्य या प्रकाराकडे मंच वळला तो असा गरजेपोटी. कलाविषयक भूमिका पुढे त्याच्याशी जोडली गेली.

१९७८ मधील ‘मशीन’ हे या वळणावरील पहिले नाटक. त्याचा उगम गाझियाबाद परिसरातीलच एका प्रसंगात आहे. हरिग इंडिया या कारखान्यातील कामगारांच्या मागण्या अगदी साध्या होत्या : सायकली ठेवण्यास जागा असावी आणि चहापाण्यासाठी उपाहारगृह असावे. या मागण्यांवरून उद्भवलेल्या संघर्षात पहारेकऱ्यांनी गोळीबार केला व सहा कामगार ठार झाले. सायकल ठेवण्याची जागा आणि सहा प्रेते यांतील ही विसंगती कोणत्याही शोकगीताच्या चौकटीत बसणारी नव्हती. मंचाने जेमतेम तेरा मिनिटांचे एक नाटक रचले. त्यात नटांच्या देहांनीच यंत्र उभे राहते, ते चालते आणि मग थांबते. ते का थांबले, या प्रश्नाच्या उत्तरात सारे नाटक सामावलेले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. झंडापूरच्या घटनेच्या दहा वर्षे आधीच या संस्थेचे कार्य मृत कामगारांच्या स्मरणातून सुरू झाले होते.

सफदर हाश्मी यांचा जन्म १२ एप्रिल १९५४ चा. त्यांनी दिल्ली विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, काही काळ अध्यापन केले, वृत्तक्षेत्रात काम केले, पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतील माहिती कार्यालयात नोकरी केली आणि १९८४ च्या सुमारास ती सोडून पूर्ण वेळ या कार्यास वाहून घेतले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली व भोवतालच्या औद्योगिक क्षेत्रात ‘सीटू’ या कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली सात दिवसांचा संप झाला. किमान वेतन १०५० रुपये असावे ही त्यातील प्रमुख मागणी होती. संपाच्या प्रचारासाठी मंचाने ‘चक्का जाम’ हे नाटक बसविले. संपानंतर त्यातच फेरफार होऊन ‘हल्ला बोल’ तयार झाले.

१ जानेवारी १९८९ रोजी, रविवारी, झंडापूरला ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू होता. गाझियाबाद नगरपालिकेच्या निवडणुकीचे ते दिवस होते आणि प्रयोग कामगार संघटनेच्या उमेदवाराच्या प्रचारार्थ होता. प्रतिस्पर्धी उमेदवाराची मिरवणूक तेथे आली. नाटक संपेपर्यंत थांबावे अथवा दुसऱ्या वाटेने जावे, अशी विनंती हाश्मींनी केली. त्यानंतर लाठ्या व लोखंडी गज घेतलेल्या जमावाचा हल्ला झाला. राम बहादुर हा मूळचा नेपाळचा कामगार गोळी लागून मृत्यू पावला. हाश्मींच्या डोक्यावर जबर घाव बसले आणि २ जानेवारीच्या रात्री दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ३४ वर्षांचे होते.

४ जानेवारी रोजी मंचाची नटमंडळी झंडापूरला परतली. त्यांत हाश्मींच्या पत्नी मलयश्री हाश्मी होत्या. अर्धवट राहिलेले तेच नाटक, त्याच जागी, हजारोंच्या समुदायापुढे पूर्ण करण्यात आले. न्यायालयीन निकालास मात्र चौदा वर्षे लागली. नोव्हेंबर २००३ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरविले. नाटक तिसऱ्या दिवशी पूर्ण झाले आणि न्याय चौदा वर्षांनी मिळाला, या दोन कालावधींतील तफावत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. न्यायसंस्था मृत्यूचा निवाडा करते. मृत्यूने थांबविलेले काम पुढे नेणे हे तिच्या अधिकारातील नव्हे; ते मागे राहिलेल्यांनाच करावे लागते.

२

आता शब्दांकडे वळू. मराठीत अशा मृतास आपण ‘हुतात्मा’ म्हणतो, हिंदी-उर्दूत ‘शहीद’. व्यवहारात दोन्ही समानार्थी मानले जातात आणि मराठीतही ‘शहीद’ रूढ झालेला आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेल्या कल्पना भिन्न आहेत.

‘हुतात्मा’ हा भाषाशुद्धीच्या चळवळीतून मराठीत रुजलेला शब्द असून त्याच्या निर्मितीचे श्रेय स्वातंत्र्यवीर सावरकरांना दिले जाते. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. या शब्दात यज्ञ आहे, अर्पण आहे, आणि मुख्य म्हणजे अर्पण करणाऱ्याची इच्छा आहे. ‘शहीद’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या धातूचा मूळ अर्थ साक्ष देणे असा आहे. ‘शहादत’ म्हणजे साक्ष आणि हौतात्म्यही. याच अर्थाचा इंग्रजीतील प्रचलित शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे, हा योगायोग लक्षणीय आहे.

अर्पण आणि साक्ष यांतील भेद केवळ व्युत्पत्तीचा नाही. आहुती दिली की विधी पूर्ण होतो. त्यानंतर उरते ती कृतज्ञता. साक्ष दिली की प्रकरण सुरू होते. ती ऐकणारा कोणी असावा लागतो आणि ऐकणाऱ्यावर काही उत्तरदायित्व येते. पहिल्या कल्पनेतून पुतळा, पुष्पचक्र व पुण्यतिथी निर्माण होतात. दुसरीतून प्रश्न निर्माण होतो : या माणसाच्या मृत्यूने कोणत्या गोष्टीची साक्ष दिली, आणि ती गोष्ट आज कोठवर आली आहे?

राम बहादुर यांच्या बाबतीत हा भेद अधिकच तीव्र होतो. त्यांनी मरण पत्करले असे म्हणता येणार नाही. ते त्यांच्यावर लादले गेले. आत्मार्पणाची कसोटी काटेकोरपणे लावली तर ते हुतात्मा ठरत नाहीत, आणि कामगारांच्या लढ्यांत मेलेल्या बहुसंख्य माणसांची हीच अवस्था होईल. गोळीबारात सापडलेला, फाटकापाशी उभा असलेला, घरी निघालेला कामगार यज्ञास बसलेला नसतो. तो वेतनाचा, पाण्याचा, सायकल ठेवण्याच्या जागेचा प्रश्न घेऊन उभा असतो. त्याच्या मरणाचे महत्त्व त्या प्रश्नात आहे. साक्षीच्या कल्पनेत त्याला जागा मिळते. आहुतीच्या कल्पनेत त्याला प्रथम वीर बनवावे लागते, आणि तसे बनविता आले नाही तर तो विसरला जातो.

३

महाराष्ट्राच्या स्मरणपरंपरेत या दोन्ही प्रवृत्तींची उदाहरणे आढळतात. बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे, मुंबईतील गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेला मालट्रक अडविताना ते चिरडले गेले. त्यांनी जाणूनबुजून मृत्यूच्या वाटेवर देह ठेवला. ‘हुतात्मा’ हा शब्द त्यांना अक्षरशः लागू पडतो. परंतु त्यांची स्मृती स्वदेशीच्या संदर्भात जपली गेली. ज्या गिरणीत ते राबत होते तेथील कामाचे तास, मजुरी, चाळीतील जीवन हे सारे त्या स्मरणाच्या कडेला राहिले.

सोलापूरचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर त्या गिरण्यांच्या शहरात उठाव झाला आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. यांपैकी कुर्बान हुसेन हे गिरणीकामगारांत काम करणारे तरुण कार्यकर्ते व ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. सोलापुरात चौघांचे पुतळे आहेत. सोलापूर-पुणे मार्गावरील एका आगगाडीचे नावच ‘हुतात्मा’ आहे. स्मृती अशी नित्याच्या व्यवहारात मिसळून गेली, हे चांगलेच झाले. परंतु चौघांतील एक जण कामगारांचा संघटक होता हे त्या गाडीने प्रवास करणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल? राष्ट्राच्या स्मरणाने कामगारांच्या स्मरणास आपल्या पोटात घेतले, आणि तसे करताना त्याचा वेगळा रंग पुसट केला.

मुंबईच्या हुतात्मा चौकात हीच प्रक्रिया शिल्परूपाने दिसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी पडलेल्यांत गिरणगावातील कामगार मोठ्या संख्येने होते. स्मारकावर मशाल धरलेले शेतकरी व कामगार उभे आहेत. कामगाराची आकृती दगडात राहिली. मात्र तिच्या हाती दिलेले ध्येय भाषिक राज्याचे आहे. १ मे हा दिवसही असाच दुहेरी आहे. १८८६ च्या शिकागोतील आठ तासांच्या कामाच्या चळवळीची आणि १८८७ मध्ये तेथे फासावर गेलेल्या चौघांची स्मृती सांगणारा हा दिवस. १९६० पासून तो महाराष्ट्र राज्याचा स्थापनादिनही आहे. शासकीय समारंभात कोणती स्मृती पुढे असते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात कामगारांच्या पुढाऱ्यांचे खून झाले तेव्हा स्मरणाचा प्रश्न आणखी बिकट झाला, कारण तेथे परकीय सत्ता समोर नव्हती. लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला. त्यांच्या रिक्त जागेची पोटनिवडणूक त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांनी लढविली आणि त्या पराभूत झाल्या. खंडित झालेले काम पुढे चालविण्याचाच हा प्रयत्न होता. तो यशस्वी झाला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांच्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा गिरण्यांचा प्रश्न न्यायालयांत, जमिनींच्या सौद्यांत आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांत विखुरला होता. त्याच वर्षी आलेल्या जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात त्या संपात होरपळलेल्या एका कुटुंबाची कथा आहे. संपाच्या पुढाऱ्याचे चरित्र सांगण्याऐवजी संपाने मागे ठेवलेल्या घराची साक्ष नोंदविणे या नाटकाने पसंत केले, हे आपल्या विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

४

मराठीत साक्षीची परंपरा मुळातच नव्हती, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येणार नाही. पोवाडा हा प्रकार पाहावा. त्याला वीरस्तुती मानण्याचा प्रघात असला तरी त्याच्या रचनेत बखरीचा व साक्षीचा अंश मोठा आहे. शाहीर प्रसंग सांगतो, स्थळ सांगतो, कोण कोण होते त्यांची नावे गुंफतो आणि अखेरीस स्वतःच्या नावाची मुद्रा उमटवितो. ही मुद्रा कवीच्या अभिमानाची असते तशीच जबानीखालील सहीसारखीही असते. १९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथकाच्या द्वारे हा प्रकार कामगारवस्तीत नेला. खानदेशातील अमळनेरच्या गिरणीकामगारांवर गोळीबार झाला तेव्हा अण्णा भाऊंनी ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हा पोवाडा रचला. शीर्षकात शब्द ‘हुतात्मे’ असला तरी मैदानात, कामगारांपुढे, डफाच्या तालावर प्रसंग निवेदन करण्याची ही रीत साक्षीचीच आहे.

पोवाडा आणि पथनाट्य यांचे नाते येथे स्पष्ट होते. दोन्ही प्रकार प्रेक्षकांकडे चालत जातात. दोहोंसही प्रेक्षक जवळ, कडे करून उभा हवा असतो. तथापि एक भेद आहे. पोवाड्यात निवेदक एक असतो व प्रसंग भूतकाळात घडून गेलेला असतो. पथनाट्यात प्रसंग पुन्हा समोर घडविला जातो, आणि तो घडविणारे नट अनेकदा प्रेक्षकांसारख्याच वेषात असतात. म्हणून ४ जानेवारी १९८९ च्या प्रयोगास जे शक्य झाले ते केवळ गायनास शक्य झाले नसते. त्या प्रयोगात मृताचे गुणवर्णन हा हेतू नव्हता. त्याने सोडलेल्या जागी काम पुढे सुरू झाले. श्रद्धांजली म्हणून नवे काही रचण्याची गरज भासली नाही, कारण अपुरे राहिलेले नाटकच श्रद्धांजली ठरले. वेतनाची मागणी १ तारखेस जी होती तीच ४ तारखेस होती, आणि ऐकणारेही तेच कामगार होते.

स्मरणाची ही रीत रंगभूमीपुरती मर्यादित नाही. आजच्या छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथे लोहखाणींच्या कामगारांवर जून १९७७ मध्ये गोळीबार झाला. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने त्या मृतांच्या स्मरणार्थ १९८३ मध्ये जे उभारले ते रुग्णालय होते, आणि त्याचे नाव ‘शहीद अस्पताल’ ठेवले. खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून ते उभे केले. पुढे २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत खुद्द नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. मृतांच्या नावे जिवंतांची शुश्रूषा करणारी ही वास्तू पाहिली म्हणजे ‘शहीद’ या शब्दातील साक्षीचा अर्थ व्यवहारात कसा उतरतो याची कल्पना येते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. दरवर्षी ठरावीक दिवशी ठरावीक जागी जमणे हाही अखेर विधीच नव्हे काय? झंडापूरचा मेळावा आणि पुतळ्यास हार घालणे यांत तत्त्वतः कोणता फरक? आक्षेप अगदीच निराधार नाही. पुनरावृत्तीने कोणतीही कृती गुळगुळीत होते. चळवळींच्या पुण्यतिथ्या केवळ पाठ केलेल्या घोषणांच्या होऊन बसतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तथापि फरक तपासण्याची एक साधी कसोटी आहे. त्या दिवशी मृताच्या नावाबरोबर त्याचा प्रश्न उच्चारला जातो काय, आणि ज्यांचा तो प्रश्न आहे ती माणसे तेथे उपस्थित असतात काय? झंडापूरच्या मेळाव्यात नाटक होते, कामगार संघटना सहभागी असते, आणि वसाहतीतील श्रमिक प्रेक्षक असतात. जोवर हे चालू आहे तोवर तो विधी झाला तरी त्यातील साक्ष जिवंत राहील.

दुसरा मुद्दा नावांचा. हाश्मींच्या मृत्यूनंतर १९८९ मध्येच ‘सहमत’ ही स्मारकसंस्था स्थापन झाली. त्यांचा जन्मदिवस, १२ एप्रिल, हा पथनाट्य दिन म्हणून देशभर पाळला जातो. २०१२ मध्ये दिल्लीच्या शादीपूर भागात ‘स्टुडिओ सफदर’ उभा राहिला. हे सारे उचितच आहे. लेखक-कलावंतांनी त्यांच्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रतिनिधी पाहिला यातही काही गैर नाही. परंतु शिक्षित समाज आपल्यासारख्या माणसाचे नाव अधिक सहजपणे लक्षात ठेवतो, ही मर्यादा आपण अभ्यासकांनी तरी ओळखली पाहिजे. हाश्मींचे लेखन उपलब्ध आहे, त्यांची छायाचित्रे आहेत, आई कमर आझाद हाश्मी यांनी लिहिलेले चरित्र आहे. राम बहादुर यांच्या मागे असा दस्तऐवज नाही. साहित्याचा इतिहास लिहिणारे आपण दस्तऐवजांवर विसंबतो, आणि म्हणून ज्याच्या मागे कागद नाही तो आपल्या इतिहासातून निसटतो. कामगारांच्या स्मरणाचा अभ्यास करताना छापील पुस्तकाइतकेच महत्त्व मैदानातील उच्चाराला द्यावयास हवे, ते याचसाठी. झंडापूरला दुसरे नाव टिकले ते कागदावर नव्हे, दरवर्षीच्या उच्चारात टिकले.

तात्पर्य असे की, श्रमिकांसाठी प्राण गमावलेल्यांचे स्मरण दोन प्रकारे होते : त्यांना अर्पण मानून, किंवा त्यांना साक्षीदार मानून. मराठीने पहिल्या प्रकारासाठी एक सुंदर शब्द घडविला. दुसऱ्या प्रकारासाठी शाहिरीचा एक समर्थ प्रघात तिच्याजवळ आधीच होता. शब्दाने प्रघातावर मात करू नये एवढी दक्षता आवश्यक आहे. ‘हुतात्मा’ म्हणताना आपण त्या व्यक्तीपुढे नतमस्तक होतो. ती काय करीत असताना मेली हेही त्याच श्वासात सांगावयास हवे. सायकल ठेवण्याची जागा, १०५० रुपये वेतन, आठ तासांचा दिवस या मागण्या स्मारकांच्या दगडावर क्वचितच कोरल्या जातात. मात्र ज्यांची नावे आपण तेथे कोरतो ती माणसे याच मागण्या घेऊन उभी होती.